शिंप्याकडच्या चिंध्या

आमोद,

मी शिंप्याकडे चिंध्या आणायला जातेय. "लोकांना वाटेल, मी आईला कापडही घेऊन देत नाही," असं तू काल म्हणालास. वाटू दे.

तू मागवलेलं कोरं कापड कपाटात आहे, ते परत पाठव. माझ्याकडे गोधडी शिकायला येणारी मुलं त्याला कात्री लावायला घाबरतात. खालच्या मजल्यावरची सृष्टी तर परवा नुसती घडीवर हात फिरवत बसली. चिंधीवर टाका वाकडा गेला, तर तीच मुलगी हसत उसवते आणि पुन्हा घालते. शिकणं असंच होतं, बाळा. शिवाय आतल्या थराला माझ्या जुन्या साड्या पुरेशा आहेत.

जायचंच तर मागच्या गेटने जा, असंही तू सुचवलंस. मी पुढच्याच गेटने जातेय. काल शिंप्याचं दुकान बंद निघालं, पण जाताना तिथे सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं, रिकामी पिशवी घेऊन कुठे निघालात? मी सरळ सांगितलं. ते आज संध्याकाळी त्यांच्या घरातल्या जुन्या चादरी घेऊन येणार आहेत. मला यायला उशीर होईल.

पोहे झाकून ठेवलेत. बेल वाजली की दार तूच उघड आणि चादरी नीट हातात घे.

आई