विषय सात, वेगळा घ्या

३ मार्च, सोमवार

दूध उतू गेलं. निम्मं पातेलं शेगडीवर! महिन्याच्या तिसऱ्याच दिवशी हिशेब बिघडला. चूक माझीच — पण हेसुद्धा नेमके तेव्हाच बोलायला येतात. एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही, आणि मी चार कामांत असले की ह्यांना काहीतरी सांगायचं असतं. कालव्यावरच्या पुलाचं बोलत होते. मधली फळी नरम झालीय की काय. मी म्हटलं, बरं, आधी ते फडकं द्या. फडकं दिलं आणि गप्प झाले.

आईकडे जाऊन आले. तिचे गुडघे आज फार धरले होते. अंघोळ घातली, केस विंचरले, दुपारचं झाकून ठेवलं. पूल ओलांडला की समोर तिचं दार, म्हणून हे सगळं जमतं. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर आपलं घर सोडायचं नाव काढत नाही.

माळ ओढताना लक्ष लागलं नाही. मन नुसतं इकडून तिकडे.

६ मार्च, गुरुवार

हे चष्मा विसरून नगरपरिषदेच्या सभेला गेले. चष्म्याशिवाय तिथे करणार काय? म्हणून मीच नेऊन दिला. ह्यांना निवडून येऊन दोन वर्षं होत आली. निवडून म्हणजे काय, प्रभाग चारमधून दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. पण मी त्या सभागृहात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मागे लोकांसाठी बाकं आहेत. आमच्या गल्लीतली शिंपीण तिथे बसली होती. तिच्या दुकानासमोरचा दिवा गेलाय, त्याचं काय होतं ते बघायला. म्हणाली, "बसा वहिनी, पंखा फुकट आहे." बसले.

मला वाटायचं, इथे मोठे वाद होत असतील. कसले वाद! मागच्या सभेचं वाचून दाखवलं, कायम केलं. अध्यक्षांना टेबलावरची घंटा वाजवायची भारी हौस. कोणी खोकलं तरी वाजवतात. चिटणीस एका दमात वाचत सुटतात, कोणाला कळो न कळो. गटारांची झाकणं. बाजारातल्या ओट्यांना रंग. वाचनालयाचं कुलूप. प्रत्येक वेळी एकजण म्हणतो "मी मांडतो", दुसरा म्हणतो "माझं अनुमोदन", की घंटा. शिंपिणीचा दिवासुद्धा मंजूर झाला. ती खूश.

मग वाचलं — कालव्यावरचा पादचारी पूल, वापर नाही, सबब कायमचा बंद करणे. अनुमोदन कोणाचं?

ह्यांनी हात वर केला. चिटणीस म्हणाले, "प्रभाग चार." घंटा.

माझ्या घरातला हात.

शिंपीण माझ्याकडे वळली. "अहो वहिनी, तुम्ही तर रोज त्यावरूनच जाता ना?"

वापर नाही म्हणे! मग मी काय रोज हवेतून जाते?

७ मार्च, शुक्रवार

विचारलं, हात का वर केला. "हं?" म्हणाले. पुन्हा विचारलं. म्हणाले, "करावा लागतो," आणि पेपर वर धरला. भाजी वाढताना डाव जरा आपटलाच. देवा, क्षमा कर.

११ मार्च, मंगळवार

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तोंडातून गेलंच. ती हसायलाच लागली. "तुझा नवरा हात वर करायला कधी शिकला? लग्नात तर मान वर करत नव्हता."

म्हटलं, आई, चेष्टा नको. पूल गेला तर गिरणीला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं यावं लागेल. घरचं उरकून तुझी अंघोळ व्हायला दुपार होईल.

"मग दुपारी घाल. मी कुठे पळून चाललेय?"

पण निघताना माझं मनगट धरून ठेवलं. सोडेचना. "रोज येशील ना गं?" एवढंच म्हणाली. हसत नव्हती.

येताना पोस्टापाशी चिटणीस भेटले. सभेत भरभर वाचणारा हाच माणूस रस्त्यात किती सावकाश बोलतो! त्यांनी नीट समजावलं. पुलाची शेवटची मंजुरी पुढच्या सभेत आहे. पण तेव्हा असले विषय एकेक घेत नाहीत, गठ्ठ्यानं घेतात. अध्यक्ष विचारतात, "तीन ते अकरा, मंजूर?" सगळे म्हणतात "मंजूर". तेवढ्यात एखाद्या सदस्यानं "वेगळा घ्या" म्हटलं, तरच तो विषय बाजूला निघतो आणि त्यावर बोलणं होतं.

"आम्हा लोकांना नाही म्हणता येत?"

"नाही बाई. फक्त सदस्यांना. तेही घंटा वाजायच्या आत."

"कोणी म्हणतं का कधी?"

"मी आल्यापासून तरी कोणी नाही म्हटलं. घरी जायची घाई असते सगळ्यांना."

दोन शब्द. आणि ते बोलू शकेल असा माणूस माझ्याच घरात पेपर वाचत बसलाय.

१२ मार्च, बुधवार

ह्यांना सांगितलं, पुढच्या सभेत "वेगळा घ्या" म्हणा. "हं," म्हणाले. हा हो की नाही?

१५ मार्च, शनिवार

कळलं! ह्यांना ऐकू येत नाही.

इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही! शेगडी बंद करा म्हणून आज तीनदा ओरडले, तरी पेपरातून डोकं वर नाही. दारावर कोणी आलं की ते मलाच ऐकू येतं. काही विचारा, आधी "हं?" सभागृहात अगदी टोकाची खुर्ची धरून बसतात. त्यात चिटणीस तसे वाचणारे. काय चाललंय ते कळत नसणार, मग शेजाऱ्याचा हात वर गेला की आपलाही वर. पूल की गटाराचं झाकण, ह्यांना काय माहीत!

आणि मी डाव आपटत होते. सांगायला लाज वाटत असेल बिचाऱ्यांना. पुरुषांचं असंच. पडतील, पण लागलं म्हणायचे नाहीत.

दुपारी ह्यांच्या डाव्या बाजूला बसून अगदी हळू म्हटलं, "साय उरलीय. खाणार?" लगेच "हो". म्हणजे डावा कान चांगला आहे. गेलाय तो उजवा.

फार दिवसांनी माळ ओढताना मन जागेवर राहिलं.

२२ मार्च, शनिवार

आज आपणहून बोलले. "गिरणीच्या रस्त्यानं गेलीस तर किती उशीर होतो?"

मी म्हटलं, उशिराचं सोडा, चपला किती झिजतील? मागच्याच महिन्यात टाचा लावून घेतल्या. आणि ऊन? आणि मोठ्या रस्त्यावरचे ट्रक? आईनं तोवर काय नुसतं बसून राहायचं? मी बरंच बोलले. मग सोलून झालेले मटार घेऊन आत गेले. बाहेर आले तर हे खिडकीबाहेर बघत बसलेले. उजवा कान माझ्या बाजूला होता. काही पोचलंच नसणार. घसा उगीच कोरडा केला.

२६ मार्च, बुधवार

काही नाही. नुसत्या येरझारा. कपाट आवरलं, पुन्हा विसकटलं, पुन्हा आवरलं.

३० मार्च, रविवार

ह्यांच्या डाव्या बाजूला बसून सगळं ठरवून टाकलं. मी मागच्या बाकावर बसेन. अध्यक्षांनी आमच्या पुलाचा गठ्ठा वाचला — पूल सात नंबरवर आहे, चिटणिसांकडून काढून घेतलं — की मी छत्री वर करीन. छत्री दिसली की उठायचं आणि म्हणायचं, "विषय सात, वेगळा घ्या." ऐकू येवो न येवो.

"छत्री?" म्हणाले. "ऐकू येवो न येवो म्हणजे?"

मी म्हटलं, माझ्यापासून काय लपवायचं? राहू द्या आता. सभा झाली की कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ.

माझ्याकडे बघत राहिले. मला भरून आलं. खांद्यावर हात ठेवला त्यांच्या. म्हटलं, कोणाला सांगणार नाही.

"छत्री दिसली की उठायचं," म्हणाले. "बरं."

३ एप्रिल, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय.

घरातली एकुलती एक छत्री. हिच्या एका काडीला मी दोरा बांधलाय आणि खटका सैल आहे. ते माहीत असून मी ती इतकी घट्ट धरली होती! शिंपीण शेजारी. म्हणाली, "वहिनी, ढग तर दिसत नाहीत कुठे." अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विषय तीन ते अकरा, मंजूर?" मी छत्री वर केली आणि ती फट्कन उघडली. सबंध सभागृह मागे वळलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं डोकं खाली घातलं. अध्यक्षांचा हात घंटेपर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

आणि हे उठले.

"विषय सात, वेगळा घ्या."

चिटणिसांच्या हातातलं पेन खाली पडलं. अध्यक्ष म्हणाले, "सात? सात कुठला? पुलाचा? अहो, अनुमोदन तर तुमचंच होतं!"

सगळे हसले. मला वाटलं, आता बसतील खाली. नाही बसले. "होय, माझंच होतं," म्हणाले. "तरी वेगळा घ्या."

कारण विचारलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. छत्री अजून उघडीच होती, मिटेना. मग म्हणाले, "माझ्या घरचं माणूस रोज त्या पुलावरून जातं. आधी अभियंत्यानं तो स्वतः पाहावा. मग काय ते ठरवा."

पूल चालू ठेवा, असं सरळ का नाही म्हणाले कोण जाणे. पण ठरलं तसंच. पुढच्या महिन्यात अभियंत्याचा अहवाल, तोवर पूल चालू. घंटा.

शिंपिणीनं मला कोपर मारलं. "काय वहिनी, बोलतात की तुमचे!"

घरी आल्यावर साय काढून ह्यांच्यासमोर ठेवली. सगळी.

४ एप्रिल, शुक्रवार

देवा, तुझे उपकार. आईला पुलावरून पळतच जाऊन सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. सरकारी दवाखाना, रांग मोठी. हे आधी नको म्हणत होते, मग म्हणाले, "चल. तुझं समाधान होऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी कानांवर यंत्र लावलं, आवाज ऐकू आला की बोट वर करा म्हणाल्या. ह्यांचं बोट खाली येईचना. शेवटी त्या मला म्हणाल्या, "काकू, काकांचे दोन्ही कान उत्तम आहेत. बाहेरचा शिपाई कुजबुजला तरी ह्यांना कळेल."

रस्त्यात मी थांबले. म्हटलं, मग त्या दिवशी पूल बंद करायला हात वर केलात, तो ऐकून केलात?

"हो."

"आणि ते हं? हं?"

"तू बोलत असतेस. मधे काहीतरी म्हणावं लागतं."

"मग उठून वेगळा घ्या का म्हणालात?"

"तू छत्री वर केलीस."

आणखी काही सांगायला लागले. मी हात वर केला — पुरे. ऐकून, समजून, माझ्या आईकडे जायची वाट बंद करायला निघाला हा माणूस! इतकी वर्षं माझं जाणं डोळ्यांत सलत होतं का? आणि मी ह्यांची कीव करत होते. सगळी साय वाढली!

जेवण वाढलं. बोलले नाही. देवापुढे बसले, तिथेही बोलवेना.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी निघाले तर हे दारात उभे. म्हणाले, "एक फडकं दे. पुलाच्या तोंडाशी बांधतो." मला कळेना. "दूध उतू गेलं त्या दिवशी सांगत होतो. मधल्या फळीचं. मी जाऊन पाहून आलो होतो. तुला म्हटलं असतं जाऊ नको, तर तू गेलीच असतीस."

उन्हाची छत्री घेऊन मी तशीच निघाले. पुलाच्या मध्यावर थांबले, फळीवर छत्रीचं टोक टेकवलं. टोक आत गेलं. ओल्या पावात जावं तसं.

पावलापावलानं मागे आले. पिशवीची नाडी काढली आणि पुलाच्या तोंडाशी दोन्ही खांबांना छत्री आडवी बांधून टाकली. दुपारी ह्यांना म्हटलं, पलीकडच्या तोंडाला तुम्ही काहीतरी बांधून या. "हं," म्हणाले, आणि गेले.

आईकडे मी गिरणीच्या रस्त्यानं गेले होते. ऊन होतं.