देवघर कुठं तोडायचं

सोम. २ फेब्रु.
सूनबाईची नॉर्वेतल्या हॉस्पिटलची मुलाखत शुक्रवारी. घरूनच, लॅपटॉपवर. नर्सची नोकरी लागली की विनोदकडं जाईल. लग्नापासून नवरा तिकडं, बायको हितं.
उच्चार मी बसवून घेतोय. भाषा येत नाही, पण कान आहे. शेडमधल्या कुठल्या मागाचा धोटा अडला ते अंथरुणातून सांगतो. तिकडचे शब्द म्हणजे मालगाडी, डब्याला डबा. म्हटलं, "शुभांगी, तोडून म्हण. स्यूके. प्लायेर. खणखणीत!" (म्हणजे नर्स.)
आमची ही, कमल, स्वयंपाकघरातनं, "पोरगी भाजी इकतीय व्हय?" लई हसलो.

बुध. ४
शुभांगीला शिकवणाऱ्या तिकडच्या बाई स्क्रीनवर. तिच्याकडून चार मराठी शब्द उचललेत. कमल दिसेना म्हणून विचारलं, "आई देवाघरी?"
देवघरात म्हणायचं होतं. आतून कमल, "अजून हाय की मी! वाती वळतीय."
सगळ्यात मोठ्यानं हसलो मीच.
मग बाई हळूच इंग्रजीत म्हणाल्या, शुभांगी, तूही हल्ली शब्द तोडतेस. 'रॉयकफ्रित' एका दमात, भार पहिल्या तुकड्यावर: धूम्रपान बंद. मध्ये खटका दिलास की अर्थ उलटा: खुशाल ओढा. हॉस्पिटलात! आधी नीट म्हणायचीस.
शुभांगीनं माझं नाव घेतलं नाही. "माझीच जीभ जड, मॅडम."
मी चहा आणायला उठलो. चहा कुणालाच नको होता.

गुरु. ५
सांगितलं तिला, माझं शिकवणं विसर. "असू द्या की अप्पा. तुमच्यामुळं आवाज तरी फुटला." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.
दिवसभर डबे जोडत होती. जीभ फिरून माझ्याच वळणावर.
कमल म्हणाली, "तिला धाडायचं नसंल तर सरळ सांगा की." थट्टाच. पण ती गेली की घर खायला उठणार, हे खरं. म्हणून तर मी... नाही. माहीत नाही.

शुक्र. ६
सकाळपासून माग बंद ठेवले. गल्लीला वाटलं लाईट गेली.
बसायच्या आधी, "अप्पा, एकदा ऐका. स्यूकेप्लायेर. बरोबर ना?"
खटका होता. सुताएवढा, पण होता.
खरं सांगावं तर ऐन वेळी धीर सुटणार. "एकदम एकजीव," म्हटलं.
पाया पडली, आत गेली, दार लावलं. कमल देवघरात. मी दाराशी, हे लिहितोय.
आता तिचा आवाज. रॉयक... फ्रित? मागांच्या खडखडाटात सूत तुटलेलं ऐकणारा मी. एवढ्या शांततेत कळेना, एक शब्द होता की दोन.