कश्यप गोत्राची कवटी

सावदा, ता. ८ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास,
रुपचंदचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

घरी सर्व ठीक. मळ्यातली नवी विहीर सत्तर फुटांवर गेली आणि काल एक भानगड निघाली. वाळू-गोट्यांच्या थरातून कवटीचा वरचा अर्धा भाग वर आला. काळा, दगडासारखा जड, आणि भुवईच्या जागी बोटभर जाड कंगोरा. मुकादम गफूरभाई म्हणतो, तीस वर्षं विहिरी खणतोय, असं डोकं पाहिलं नाही. चुडामण नानांचं म्हणणं, माणूस असेल तर आधी जात कळली पाहिजे, म्हणजे जाळायचं की पुरायचं ते ठरेल. गडी खाली उतरायला तयार नाहीत. तू कॉलेजात दगडमाती शिकलीस म्हणून विचारतो. तुझी भावजय ताईबाई म्हणते, अक्कांच्या शिक्षणाचा एकदा तरी सासर-माहेराला उपयोग होऊ दे.

उत्तर लवकर धाड.

तुझा धाकटा,
रुपचंद

धुळे, ता. १५ फेब्रुवारी १९८८

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद.

आधी सूचना, मग राग. कवटी धुऊ नकोस. तेल, हळद, शेंदूर काही लावू नकोस. कोरड्या फडक्यात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेव आणि खोदकाम थांबव. मी पुण्याला तार केली होती. तिथले तज्ज्ञ रविवारी, ६ मार्चला येत आहेत. माझ्या मागे दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आहेत, त्याआधी हलता येत नाही.

आता नानांना सांग, सत्तर फूट गाळ साचायला किती काळ लागतो याचा त्यांनी विचार करावा. तेव्हा गाव नव्हतं, नांगर नव्हता, जात कुठून असणार? इतक्या जुन्या हाडालाही जात विचारायची! मला या प्रश्नाची किळस येते. पाचेक वर्षांपूर्वी नर्मदेकाठी अशी एक कवटी सापडली, तिच्यासाठी दूरदूरचे विद्वान धावले. गेल्या वर्षी तर परदेशी शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वंशांच्या बाळंतिणींच्या वारेतून नमुने घेऊन दाखवलं, की आईकडून लेकराला मिळणारा वारसा मागे मागे नेला तर आजची सगळी माणसं आफ्रिकेतल्या एकाच बाईपाशी पोचतात. तिला नाना कोणत्या पंगतीत बसवणार?

तेव्हा त्या डोक्याला भुताटकी समजू नका. तो आपणा सर्वांचा पूर्वज आहे असं समजा आणि त्या मानाने वागवा.

आणखी एक. चौतीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या उत्खननाला मला बोलावणं आलं होतं. आबांनी ते पत्र मला न दाखवता परत धाडलं, हे तुला माहीत आहे. पुन्हा तसं होता कामा नये.

सौ. ताईबाईस आशीर्वाद. उपयोग झाला म्हणावं.

अक्का

सावदा, ता. २६ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास,
रुपचंदचा शि. सा. नमस्कार.

तुझ्या मनासारखं सगळं पार पडलं. पत्र ओट्यावर सर्वांना वाचून दाखवलं. पूर्वज हा शब्द ऐकताच नानांनी टोपी नीट केली. ताईबाई म्हणाली, क्रियेवाचून राहिलेला वडीलधारा माणूस ज्वारीत कोंबून ठेवायचा का? मलाही ते बरं वाटेना. भटजींनी दिवस काढून दिला. गोत्र विचारलं, ते कोणाला ठाऊक? भटजी म्हणाले, ज्याचं गोत्र कळत नाही त्याचं कश्यप. मी डोकं भादरून तापीकाठी पिंड ठेवला.

कावळा काही शिवेना. नाना म्हणाले, शेतीत जीव अडकला असेल. गफूरभाई म्हणाला, सत्तर फूट खाली होता, तहान लागली असेल, पाणी ठेवा. शेवटी मी हात जोडून म्हटलं, अक्काचं राहिलेलं काम पुरं होईल. कावळ्याने लगेच चोच मारली! बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अस्थी डोहात सोडल्या. घरी साठ पानं उठली. दुसऱ्या दिवशी गडी हसत खाली उतरले, आता ऐंशी फुटांवर आहोत.

पुण्याचे पाहुणे वांग्याचं भरीत खातात का, ते कळव.

तुझा,
रुपचंद

धुळे, ता. १ मार्च १९८८

रुपचंद,

चिरंजीव वगैरे आज लिहवत नाही.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचे दोन तास मी प्रयोगशाळेत दार लावून बसले. नदीने एवढा काळ सांभाळलेलं डोकं तुम्ही मंत्र म्हणून तिच्याच गाळात घातलं आणि वर जिलेबी खाल्लीत. ज्याला शब्द तरी बोलता येत होते का हे कोणाला माहीत नाही, त्याला गोत्र! कावळ्याच्या तोंडी माझं नाव घालायलाही तू कमी केलं नाहीस.

वर हेही ऐक. तू ज्याला पिंड दिलास तो आपला पूर्वज असेलच असं नाही. त्या बाळंतिणींच्या संशोधनाचा अर्थ ते शास्त्रज्ञ असा लावतात, की ठिकठिकाणची जुनी माणसं निर्वंश झाली आणि आपण मागाहून आफ्रिकेतून आलेल्यांची लेकरं. म्हणजे तो फार तर दूरचा चुलत. पत्र लिहिताना मला हे ठाऊक होतं. तुम्ही नीट सांभाळाल म्हणून मी सोपं करून लिहिलं. तीस वर्षं मुलांना सोपं करून सांगण्याची खोड. तुझ्या भादरलेल्या डोक्याइतकीच मला माझ्या त्या वाक्याची शिसारी आली आहे.

आबांनी पत्र परत धाडलं तेव्हा मी दोन महिने अबोला धरला आणि मग मुकाट नोकरीला लागले. या वेळी अबोला नाही. रजेचा अर्ज दिला आहे, परीक्षा दुसऱ्या बाई घेतील. शनिवारी सकाळच्या एस. टी.ने येते. खोदकाम आजच बंद. विहिरीतून निघालेल्या मातीचा ढीग कोणी हलवायचा नाही, केळीला एक घमेलंसुद्धा टाकायचं नाही. त्यात एखादा दात असेल, जबड्याचा तुकडा असेल, किंवा काही नसेल. चाळल्याशिवाय कळणार नाही. बारीक जाळीच्या दोन चाळण्या, चार बादल्या आणि ढिगाजवळ सावलीला एक ताडपत्री हवी. गफूरभाईंना माझ्यासोबत राहायला सांग, त्यांना थर ओळखता येतो.

रविवारी पुण्याची माणसं येतील. काय झालं ते तू सांगायचंस, टोपी न घालता. तेवढं ऐकून ती परत गेली तरी मी ढिगापाशीच बसणार आहे. हाताला काही लागलं, तर ते घरात कोणालाही दाखवणार नाही.

लोभाचं पुढे पाहू. चाळण्या विसरू नकोस.

प्रमिला