खळ्याकाठचा तंबू

प्रिय वहिनी,

आज सकाळी हौसाबाईचा फोन आला. मी भाकऱ्या थापत होते, पिठाच्या हातानेच उचलला.

"भात झोडून झालं, खळं मोकळं हाय. कवा येताय दोघी?" मी काही बोलायच्या आत तिचं पुढचं सुरू. "मोठीला दे जरा."

आणि मी काय सांगितलं माहितेय? म्हटलं, "अंघोळीला गेलीय."

फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच उभी राहिले. तू पावसाळ्यात गेलीस. इतक्या महिन्यांत मी तिला कळवलं नाही, आणि आज तर तुला सरळ अंघोळीला पाठवून मोकळी झाले! आता हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहितेय.

आठवतंय, हे खूळ तुझंच! डॉक्टरांनी तुला शुगरसाठी चालायला सांगितलं आणि तू मला जुंपलंस. रोज सकाळी करावे गावातून निघायचं, खाडीच्या कडेने जायचं, टॉवरांना वळसा घालून परत. एक दिवस तू मधेच थांबलीस. म्हणालीस, "रोज जावाचा न रोज परत येवाचा. एकदा तरी अशी चालू का रातच्याला घरी यावा नको."

घरी गेल्यावर माळ्यावरून पोराचा तंबू काढलास. त्याने कॉलेजात असताना हौसेने घेतलेला आणि एकदाच वापरलेला. भाऊजी सोफ्यावरून ओरडले, "स्वतःची चाळ हाय, भाडेकरू ठेवतो आपुन, न तुमी तंबून झोपनार? लोकांना काय सांगू?" तू म्हणालीस, "सांगा, भाड्याने दिलंय सगलं, बायकांना जागा नाय उरली." आमचे हे इतके हसले की चहा नाकात गेला.

मग दर हिवाळ्यात मुरबाडच्या पुढे एसटीतून उतरायचं आणि डोंगराच्या पायथ्याने एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं. पाठीवर तंबू, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि तुझी सुकट. किती वेळा सांगितलं, सुकट नको, तंबूभर वास मारतो! ऐकलंस कधी? रात्री कुत्री तंबूला नाकं लावून बसायची आणि तू आतून त्यांच्याशी गप्पा मारायचीस. मी तुला झोपायची ती चेनची पिशवी आणून दिली, तर म्हणालीस, "मढ्यासारखी बांधून मी झोपनार नाय." गोधडीच आणलीस शेवटपर्यंत.

पहिल्याच वर्षी आपण घोळ केला. अंधार पडत आलेला, पाय बोलत होते. एका घरामागे छान सपाट जागा दिसली, एक खडा नाही की गवताची काडी नाही. मीच म्हटलं, इथेच लावू. खुंट्या ठोकल्या, आत शिरलो, झोपलो. पहाटे तू बाहेर गेलीस आणि जमिनीवर हात फिरवून किंचाळलीस.

"अगो बाय, हे खलं हाय! आपुन खल्यान खुंट्या ठोकल्या!"

भात झोडण्यासाठी कुणीतरी नुकतंच सारवून ठेवलेलं खळं. आपण चपला घालून त्यावर फिरलो, वर भोकं पाडली. मी तर लग्न होऊन आले तेव्हा आपल्या गावची शेती शहराखाली गेलेली होती. पण तू? भाताच्या घरात वाढलेली तू! त्याचंच तुला जास्त लागलं. हौसाबाई हातात काठी घेऊन आली, तोंडाचा पट्टा सुरू होता, आणि तू चपला लांब काढून तिच्यासमोर उभी राहिलीस. सबब सांगितली नाहीस. फक्त म्हणालीस, "शेन कुठं हाय?"

दुपारपर्यंत तू ते अख्खं खळं सारवलंस. घरात फरशी येऊन किती वर्षं झाली होती, पण हात काही विसरला नव्हता. हौसाबाई काठी टेकवून बघत राहिली, मग आत जाऊन चहा ठेवला. तेव्हापासून तंबू खळ्याच्या कडेला, आणि दरवर्षी एक दिवस तिच्याकडे मुक्काम.

मागच्या हिवाळ्यात चढावर तू बांधावर बसलीस. "तू हो पुढं, आलेच." मी विचारलं, काय होतंय? म्हणालीस, पोटात वारा धरलाय. वारा! वहिनी, तो वारा नव्हता हे तुला कळत होतं ना? घरी गेल्यावर चालणं बंद करतील म्हणून गप्प बसलीस ना? याचा मला अजून राग आहे. मोठी आहेस म्हणून सोडणार नाही.

तुझ्या दहाव्याला, बाराव्याला मी स्वयंपाकघरात होते. पाहुणे भाऊजींना धीर देत होते, पोरांना जवळ घेत होते, ते बरोबरच होतं. माझ्याकडे आले ते चहा मागायला. जावेला काय विचारायचं असतं? एक बाई तर हळूच म्हणाली, "आता घर तुझ्याच हातात आलं." मी चहा गाळत राहिले. रडू आलंच नाही, अजून आलेलं नाही.

त्या सारवण्याच्या दिवशी चहा पिताना हौसाबाईने विचारलं होतं, "सख्ख्या बहिनी का गं?" मी जावा म्हणायला तोंड उघडलं, तोवर तू हो म्हणून टाकलंस. वाटेत मी भांडले, खोटं कशाला? तू म्हणालीस, "जावा बोलली असती तं ती आपल्यातला भांडन शोधीत बसली असती." मग ते खोटं तसंच राहिलं, दरवर्षी.

आज ती म्हणत होती, खळ्याची एक कड उखणलीय, ती मोठीसाठी ठेवलीय. अजून एक वर्ष तिला सांगितलं नाही तर तिच्या खळ्यावर तू अजून एक वर्ष येणार आहेस. मोह होतो गं. पण ती वाट बघणार आणि मी तुला अंघोळीला पाठवत राहणार, हे बरं नाही.

तर तुला शब्द देते. फोनवर सांगणार नाही. या हिवाळ्यात तंबू घेऊन एकटी जाईन, आपल्याच वाटेने, रिक्षा न करता, आणि तिच्या दारात उभी राहून सांगेन. जावा होतो हे मात्र नाही सांगणार. ती ऐकेल, मला जवळ ओढेल आणि म्हणेल, "तुझी बहीन गेली गं." वहिनी, एकदा तरी कुणीतरी मला तसं म्हणायला हवंय.

तुझी धाकटी,
सुनंदा