फणसपापडांच्या दिवशी ताप

हुबळी,
३ मे २०२१

ती. चिक्कप्पा यांस शरावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सुपारीच्या बागेत फोन लागत नाही आणि टेकडीवर चढून बोलायला तुम्हाला सवड नाही, म्हणून तुमच्या दवाखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन येणाऱ्या गाडीबरोबर हे पत्र देते. उत्तरही ड्रायव्हरकडेच द्या.

इथे आम्ही या साथीत चाचपडत चाललो आहोत. स्टेरॉइडची गोळी एक डॉक्टर पहिल्या तापालाच देतो, दुसरा दम लागल्यावर. दोघेही छातीठोकपणे बोलतात. परदेशातले अभ्यास दाखवले तर आपली माणसं वेगळी, असं म्हणून झटकून टाकतात. म्हणून आसपासच्या काही रुग्णालयांनी केसपेपर एकत्र करायचं ठरवलं आहे. कुणाला काय दिलं, कधी दिलं आणि पुढे काय झालं, एवढंच बघायचं.

घोडं अडलं आहे ते एका जागी. आमच्या कागदांवर दाखल झाल्याची तारीख असते, ताप आल्याची नाही. विचारलं की लोक भीतीने काल-परवा सांगतात. तुम्ही दिवस विचारतच नाही. ताप आला तेव्हा घरात काय चाललं होतं, असं विचारता, आणि मग माणूस खरं सांगून मोकळा होतो. म्हणून तुमचे कागद मला हवेत.

चिक्कम्माला सांगा, तिच्या कैरीच्या आंबट अप्पेहुळीवाचून इथला भात घशाखाली उतरत नाही. लोभ असावा, नुसता आशीर्वादापुरता नव्हे, कागदांपुरताही.

आपली,
शरू

*

शिरसीजवळून,
६ मे

चि. शरूस अनेक आशीर्वाद.

मोठी डॉक्टर झालीस, आता चुलत्याच्या कपाटावर डोळा. कागद मिळायचे नाहीत.

नावं काढू, म्हणशील. नाव काढून काय होतं? माझा एक कागद असा आहे: वरच्या बागेतला, यक्षगानात राक्षस होतो, फणसाचे पापड लाटायच्या दिवशी ताप. हे वाचून तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. गेल्या वर्षी एका घराच्या दारावर सरकारी चिठ्ठी चिकटली आणि त्या घरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पोर अजून उंबऱ्याबाहेर येत नाही. लोक माझ्याशी खरं बोलतात, कारण ते माझ्या कपाटात राहतं. ते तुझ्या हुबळीच्या बाजारात मांडू काय?

राहिली गोळी. मी ती पहिल्याच दिवशी देतो. घरच्यांना धीर येतो, खरं सांगायचं तर मलाही येतो. तुमचे परदेशी अभ्यास तुम्हाला लखलाभ.

चिक्कम्माने तुझ्यासाठी लोणचं आणि उसाच्या रसाचे तोडदेव दिले आहेत. तोडदेव ड्रायव्हरला खाऊ देऊ नकोस. माझा राग आला असेल तर ठेव, माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
चिक्कप्पा

*

हुबळी,
८ मे

ती. चिक्कप्पांस शि. सा. न.

तोडदेव अर्धेच पोचले. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता खराब होता.

तुमचं पत्र वाचून आधी फणफणले. मग त्या मुलीचा विचार मनातून जाईना. तुमचं बरोबर आहे, नाव पुसून माणूस पुसला जात नाही. तेव्हा असं करा. कपाट तुम्हीच उघडा. राक्षस, वरची बाग, सगळं तुम्हीच गाळा. पापडांच्या जागी फक्त तारीख घाला, वयाच्या जागी साठीतला की सत्तरीतला एवढंच. घरोघर विचारा, नको म्हणतील त्यांचा कागद ठेवून द्या. मूळ कागद तुमच्या कपाटातून हलणार नाहीत.

चिक्कप्पा, काल माझ्या वयाची एक बाई गेली. तिला गोळी लवकर दिली की उशिरा दिली म्हणून ती गेली, हे मला माहीत नाही. हे असं माहीत नसणं आता सोसवत नाही.

चिक्कम्माला साष्टांग. तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
शरू

*

शिरसीजवळून,
१४ मे

चि. शरूस आशीर्वाद.

जिंकलीस. म्हणजे तू नव्हे, तुझी चिक्कम्मा. तुझं शेवटचं पत्र वाचून आमच्या कमलाक्षीबाईंनी पदर खोचला आणि मला ऐकवलं की मुलगी विचारतेय ते शहाणपणाचं आहे, तुमचं नुसतं तोंड चालतं. घरोघर तीच फिरली, अंगणातूनच बोलली. दोन-तीन घरं सोडली तर सगळी हो म्हणाली. मोडलेल्या लग्नाचं घरही हो म्हणालं. नाव नसेल तर घ्या, असं त्या मुलीनेच आतून सांगितलं म्हणे.

तारखाही तिनेच लावल्या. कुणाची मुंज कधी, कुणाचे पापड कधी वाळले, सगळं तिला तोंडपाठ. मी नुसता खोडत बसलो. गठ्ठा पाठवतो आहे. गोळी मात्र मी पहिल्याच दिवशी देणार, आधीच सांगून ठेवतो.

लोभ वाढवत राहा, पत्रांची लांबी वाढवू नकोस, चष्मा जुना आहे.

तुझा,
चिक्कप्पा

*

हुबळी,
२२ मे

ती. चिक्कप्पांस शि. सा. न.

तुमचे कागद आले आणि बाकीच्यांच्या कागदांना जीव आला. घरच्या तारखा तुमच्याइतक्या खऱ्या कुणाकडेच नव्हत्या. तुमचं पाहून इतरांनीही रुग्णांच्या घरी तशीच विचारपूस करून तारखा नीट लावल्या.

एकेका रुग्णालयात जे दिसत नव्हतं ते एकत्र केल्यावर दिसलं. ऑक्सिजन चांगला असताना ज्यांना गोळी सुरू झाली, त्यांचा फायदा झाला नाही, उलट त्यांच्यातलेच जास्त जण खालावले. ऑक्सिजन उतरू लागल्यावर जिथे गोळी दिली, तिथे जास्त माणसं घरी परतली. परदेशातही हेच म्हणत होते, पण आता ही आपली माणसं आहेत. इथल्या डॉक्टरांनी पद्धत बदलली. तुम्हीही थांबा, एवढं मागणं आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
शरू

*

शिरसीजवळून,
२३ मे, संध्याकाळ

शरू,

तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारी चिक्कम्माला ताप भरला. तपासणीत तेच निघालं.

ऑक्सिजन चांगला आहे. गोळी माझ्या हातात आहे. परक्यांना देताना मी क्षणभरही थांबलो नाही, आणि हिला न देता बसायचं? हात शिवशिवतात ग. मी तिला म्हटलं, तुला देतोच. तर म्हणाली की त्या तारखा मी लावल्या आहेत, त्या खोट्या आहेत काय? गोळ्यांची डबी घेऊन तिने उशाखाली ठेवली.

मला भीती वाटते.

चिक्कप्पा

*

हुबळी,
२४ मे

ती. चिक्कप्पा,

डबी तिथेच राहू दे. बोटाला लावायचं यंत्र मात्र तिच्या हातातून सुटू नये. पालथं निजायला सांगा. आकडा उतरू लागला की क्षणाचाही विचार न करता गोळी द्या आणि ऑक्सिजन लावा. त्या वेळी थांबलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी.

मलाही भीती वाटते. तरी कागद खरं सांगताहेत.

शरू

*

शिरसीजवळून,
९ जून

चि. शरूस खूप खूप आशीर्वाद.

तुझी चिक्कम्मा आज चुलीपाशी उभी राहिली आणि कषाय पातळ झाला म्हणून माझ्यावर खेकसली. इतकं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आकडा उतरला, तेव्हा डबी तिनेच उशाखालून काढून दिली. तू म्हणालीस तसंच केलं. माझ्या दवाखान्यातही आता तसंच करतो. लोक विचारतात की डॉक्टर, गोळी कशी नाही दिली? मी सांगतो, तुमच्याच शेजाऱ्यांनी शिकवलं. कोणत्या शेजाऱ्यांनी, ते विचारू नका.

सोबत एक नवा कागद आहे. ताप कधी आला, तिथे मी सवयीने लिहिलं होतं: शरूचं पत्र आलं त्या दिवशी. ते खोडून तारीख घातली. मग नाव खोडायची वेळ आली आणि माझा हात चालेना. एवढ्या लोकांची नावं खोडली, पण हे एक जमेना. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, स्वतःचं नाव स्वतःच खोडलं आणि मला सुनावलं की मी घरात आहे ना, मग कागदावर कशाला हवी?

तेव्हा ही साठीतली एक बाई, बरी झालेली, तुझ्या गठ्ठ्यात घाल. लोभ आहे, तो असाच दोघांवर वाटून ठेव.

तुझा,
चिक्कप्पा