अनेकवचन

प्रिय ठमे,

विमानतळावर निघताना तू मला बजावलं होतंस, "बाबा, घरी पोचलात की प्रवासवर्णन लिहून पाठवा, पण त्यात व्याकरण शिकवू नका." तेव्हापासून आज लिहितो, उद्या लिहितो करत दिवस ढकलले. आज एकदाचं मनावर घेतलंय. अक्षर जरा गिचमिड दिसेल. टेबलाचा तो एक पाय अजून आखूडच आहे, आणि दुरुस्त करणारा मीच असल्यामुळे तो तसाच राहणार.

तर परदेश. शाळेत सगळे मला व्याकरणमास्तर म्हणायचे, आणि तुझ्या शहरात मला दुकानावरची साधी पाटी वाचता येईना. जन्मभर पोरांना फळ्यापुढे उभं केलं, तिथे माझीच पाचावर धारण बसली. तू कामावर गेलीस की मी ट्रामने भटकायचो. तू माझ्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायचीस, पहिलीतल्या पोराच्या ठेवतात तशी, आणि मला राग यायचा. एकदा भलत्याच थांब्यावर उतरलो, तेव्हा तीच चिठ्ठी एका फुलवाल्या बाईंना दाखवली. त्या दुकान उघडं टाकून मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण मग तू मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतंस.

सगळ्यात आवडला तो कालव्याकाठचा बगिचा. आपण दोघं तिथे गेलो होतो, आठवतंय? जावईबापू दौऱ्यावर होते. मी होतो तितके दिवस ते दौऱ्यावरच होते. तू म्हणालीस, "आम्ही रविवारी इथे येतो," आणि लगेच पुढे, "मी या बाकावर बसते थोडा वेळ, मग घरी जाते." एका दमात अनेकवचनाचं एकवचन झालं. वहीत असतं तर लाल शाईने गोल केला असता. मी आपला पाण्यातल्या बदकांकडे बघत राहिलो. त्यानंतर माझं लक्ष कुठल्याच प्रेक्षणीय स्थळात लागलं नाही. तुझ्या दाराशी त्यांचा कोट टांगलेला होता, आणि त्याच्या खांद्यांवर धूळ बसली होती. तू एवढी टापटिपीची, पण तो कोट झटकायला तुझा हात गेला नव्हता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू आणखी एक दौरा रचला असतास, आणि खोटं बोलताना तुझा आवाज चढतो, तो मला ऐकवत नाही.

आता जवळचा प्रवास. परत आल्यापासून मी आणि तुझी आई पुष्कळ फिरलो. दर आठवड्याला तीच बस, घराजवळून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत. तिला खिडकी, मला पिशवी. वाटेत एक चष्म्याचं दुकान लागतं, त्याच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाचा पार खून केलेला आहे. ते आलं की ती मला कोपराने ढोसायची, "मास्तर, तुमचं प्रेक्षणीय स्थळ आलं!" मी चिडलो की पोट धरून हसायची. मग हळूहळू हसताना तिला धाप लागायला लागली.

ठमे, तो शेवटचा थांबा म्हणजे मोठं हॉस्पिटल. गुडघे दुखतात म्हणून ती माझ्याबरोबर तुझ्याकडे आली नाही, हे आम्ही रचलेलं निमित्त होतं. तिचं औषधपाणी तेव्हाच सुरू झालं होतं. मी जायला अजिबात तयार नव्हतो. तिने मावशीला सोबतीला बोलावून घेतलं आणि मला अक्षरशः हाकललं. म्हणाली, "पोर हल्ली फोनवर 'आम्ही' म्हणता म्हणता 'मी' म्हणायला लागलीय. जाऊन बघून या." आयुष्यभर गणित शिकवलेली बाई ती. बेरीज जुळली नाही की तिला अन्न गोड लागत नाही.

परत आलो, अजून बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती, तर तिने विचारलं, "एक की दोन?"

मी म्हणालो, "एक."

तिने माझ्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली. मग मला दरडावलं, "ती सांगेल तेव्हा सांगेल. तोवर तुम्ही चकार शब्द काढायचा नाही." मी नाही काढला. दर फोनला तू म्हणतेस, "आम्ही दोघं रजा मिळाली की येतो," आणि ती म्हणते, "या सावकाश, काही घाई नाही." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तू का येत नाहीस ते आम्हाला कळतं गं. एकटी आलीस तर काय सांगायचं, हेच ना? मला त्या माणसाचा राग येतो, भयंकर येतो. तुझा नाही येत. तुझ्यासाठी नुसता जीव तुटतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. या वेळी त्यांनी कार्डावर पुढची तारीख लिहिली नाही. म्हणाल्या, "आता बसचे हाल नकोत, घरीच असू द्या त्यांना." तेव्हा आमचं फिरणं संपलं. तुझी आई आता फारसं बोलत नाही. काल मात्र मला विचारलं, "तिची खोली झाडून घेतलीत का?" मी घेतली. पलंगावर नवी चादर घातली आणि एकच उशी ठेवली. तिला दिलेला शब्द मोडून हे लिहितोय. फोनवर तू पहिल्याच वाक्यात 'आम्ही' म्हणशील आणि मला रडू फुटेल, म्हणून मावशीला या पानांचे फोटो काढून तुला पाठवायला सांगतोय. आता रजेची, कारणाची, कुणाच्या सोबतीची वाट बघू नकोस. इथे तुला कुणी काही विचारणार नाही, मी दारात उभा राहीन. फक्त निघताना आईला फोन कर आणि "मी येतेय" एवढंच म्हण. दोनच शब्द आहेत, पण तेच ऐकायला ती थांबली आहे.

तुझाच,
बाबा