रामराव मेत्रे यांनी पेटी डोक्यावर घ्यावी

नमो बुद्धाय.

मी, इंदिराबाई भ्रतार पिराजी मेत्रे, वय छप्पन्न, मूळ राहणार कमठाणा, तालुका व जिल्हा बीदर, हल्ली मुक्काम बंगळूर, आज बीदरच्या कचेरीसमोर अर्जनवीस गुरुशांतप्पा यांच्या टेबलापाशी बसून हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळीज बिघडलंय असं डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला काळीज धड लागतं असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. कुणाच्या धाकानं, लालचेनं किंवा भरीला पडून मी हे लिहवत नाही. रागात लिहवते आहे. गुरुशांतप्पा म्हणाले, "अक्का, राग म्हणून लिहू नये, पुढं अडचण येते." मी म्हटलं, लिहा.

माझे पती पिराजी हे हॉकीचे फुलबॅक होते. निजामाच्या काळात बीदरच्या पलटणीतल्या पोरांसंगं खेळून शिकले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा त्या राज्याच्या संघात गेले. हॉकीवर पोट भरायचं तर नोकरी देणाऱ्याच्या शहरात जाऊन राहायचं, असा तेव्हा रिवाज होता आणि अजून आहे. पिराजी आधी सिकंदराबादेत रेल्वेकडून खेळले, मग मुंबईत एका गिरणीकडून, एक हंगाम कलकत्त्यात आणि शेवटी बंगळूरला एका कारखान्याकडून. दोन वर्षांखाली ते वारले. आम्हांला मूल नाही. का नाही ते पुढं येईल.

१. माझी मिळकत अशी : बंगळूरचं दोन खोल्यांचं घर, जे पिराजींनी माझ्या नावे घेतलं, कमठाण्यातली पिराजींच्या वाटणीची तीन एकर जमीन, अंगावरचं थोडं सोनं, पिराजींच्या स्टिका आणि पदकं. ही सगळी माझ्या एकटीच्या मालकीची असून तिच्यावर कुणाचा बोजा नाही. डोळा मात्र एकाचा आहे.

२. तो डोळा माझे थोरले दीर रामराव मेत्रे यांचा. माझी तीन एकर त्यांची विहीर आणि त्यांचं शेत यांच्या मधोमध पडते. पिराजींना माती देऊन परत येताना, वाटेतच, त्यांनी मला विचारलं, "मग जमिनीचं काय ठरवलीस?" अंघोळीसुद्धा झाल्या नव्हत्या.

रामरावांशी माझं काय वाकडं आहे ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मागून कुणी म्हातारीला भ्रम झाला म्हणू नये. आमच्याकडं सुनेला घरातून बाहेर जायचं तर घरातल्या वडील माणसानं पाठवणी करावी लागते. खण-नारळ द्यायचा, शिदोरी बांधायची आणि 'जा' म्हणायचं. पिराजी दर वर्षी मला न्यायला आले. दर वर्षी रामरावांनी पाठवणी केली नाही. कधी पेरणी, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी म्हैस व्यायलीय. आणि काहीच नसलं तर, "खेळणाऱ्याचं कसलं आलंय घर? आज हिथं, उद्या तिथं. बायकामाणूस शहरात बिघडतंय." नवऱ्याचा पगार आणि माझे दोन हात, दोन्ही त्यांना पाहिजे होते. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरवून तिथं बुद्धाची आणि बाबासाहेबांची लावली, धम्म घेतला, पण सुनेला कोंडायचा कायदा तेवढा जुनाच ठेवला. अशी माझी अकरा वर्षं गेली.

मला दिवस गेले तेव्हा पिराजी मुंबईत होते. गिरणीची खोली होती, दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. सामने चालू म्हणून त्यांनी मला आणायला उमाजीला पाठवलं. उमाजी हळ्ळीखेडचा धनगर, त्यांच्या संघाचा गोलकीपर, सख्ख्या भावासारखा. रामराव दारात उभे राहून म्हणाले, "आखाड हाय. पाठवत न्हाई." मी तरी उठले. दार बाहेरून बंद होतं. उमाजी दिवसभर ओट्यावर बसून परत गेला. पुढच्या महिन्यात माझ्या पोटात मूल आडवं आलं आणि कमठाण्यात ना डॉक्टर, ना गाडी. मूल गेलं. मुलगी होती. मी जगले, पण परत कूस उजवली नाही.

मग पिराजी स्वतः आले आणि कुणाला न विचारता माझी लोखंडी पेटी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. राज्याकडून खेळलेला माणूस पेटी घेऊन गावातून फाट्यापर्यंत चालला. रामराव मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, बघा, हमाल झाला!" लोक हसले. ते हसू मी विसरलेली नाही, आणि विसरायचा माझा इरादाही नाही.

३. आता विमल. रामरावांची नात, मारोतीची मुलगी, वय सतरा. मारोती बापापुढं तोंड उघडत नाही. ही पोरगी हॉकीत पुढच्या फळीत लेफ्ट-इन खेळते आणि कशी खेळते ते बघायला उमाजी मुद्दाम हळ्ळीखेडहून सायकलवर येतो. तिला तीन ठिकाणांहून बोलावणं आहे : सिकंदराबाद आणि मुंबई इथं रेल्वे, बंगळूरला बँक. जुलैच्या आत हजर व्हायचं आहे. रामराव म्हणतात, पाठवत न्हाई. शब्दसुद्धा बदलले नाहीत मेल्यानं! गुरुशांतप्पा, 'मेल्यानं' ठेवा.

विमलनं मला विचारलं, "आज्जी, खेळणाऱ्यानं कुठल्या शहरात राहावं गं?" तिला सांगितलं ते इथंही लिहिते, कारण ही शहरं मी पिराजींच्या तोंडून ऐकली आणि पुढं काही डोळ्यांनी पाहिली.

मुंबई चांगली. मैदान टणक, चेंडू सुसाट जातो, पडलं की गुडघा सोलतो. खोली माचिसच्या डबीएवढी. पण नळावर कुणी जात विचारत नाही, नंबर विचारतात, आणि नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या उपटतात. मला ते फार आवडलं. कलकत्त्यात खेळणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, म्हणे. हंगाम संपला की ओळखत नाहीत. सिकंदराबाद आपलंच वाटतं. बोली ओळखीची, इराणी चहा, आणि मैदानाभोवतीचे म्हातारे "अरे मियाँ, पास दे!" म्हणून आईमाईवर येतात ते प्रेमानंच. तिथला दोष एकच, ते बीदरहून फार जवळ आहे. बंगळूरची हवा थंड, पायात गोळे येत नाहीत, सकाळी कुठल्याही मैदानावर जा, कुणी ना कुणी खेळतच असतं. घरमालकीण मात्र आधी 'यावूर?' म्हणजे गाव कुठलं ते विचारते, मग काय खाता विचारते आणि मग खोली रिकामी नाही म्हणते. म्हणून पिराजींनी स्वतःचं घर घेतलं.

बाकीचे शहाणे मैदान बघून शहर निवडतात. मी म्हणते, गुडघा फुटून घरी आल्यावर दार आतून कुणी उघडतं का ते बघावं. पिराजींना अकरा वर्षं कुणी उघडलं नाही.

विमल म्हणाली, "शिकंदराबादेला आजोबा शनवारी येतील आन् ऐतवारी मला घिऊन जातील. बंगळूरला जाते मी."

४. म्हणून बंगळूरचं घर, सोनं, स्टिका आणि पदकं मी विमल मारोती मेत्रे हिला देत आहे. तिच्या लग्नामुळं, नोकरीमुळं किंवा खेळ सुटल्यामुळं यात फरक पडणार नाही. बापाचा, आज्याचा किंवा पुढं होईल त्या नवऱ्याचा या घरावर हक्क नाही.

५. कमठाण्याची तीन एकर मी रामराव मेत्रे यांना देत आहे. होय, त्यांनाच. अट एक : विमलची पाठवणी त्यांनी स्वतः करावी. खण-नारळ द्यावा, शिदोरी बांधून द्यावी, तोंडानं 'जा' म्हणावं, आणि तिची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरापासून फाट्यापर्यंत, बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, गावातून चालावं. गाडीबैल, सायकल, गडीमाणूस चालणार नाही. वाटेत पेटी खाली ठेवली तर परत घरापासून सुरुवात. उमाजी बरोबर चालेल आणि तो सांगेल ते प्रमाण. हसायचं का नाही ते लोकांनी ठरवावं. मी हसणार आहे.

६. जुलैच्या आत हे झालं नाही तर ती तीन एकर कमठाण्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या मुलींना हॉकीचं मैदान म्हणून जाईल. गोलाचे खांब रामरावांच्या घराच्या तोंडासमोर येतील असे रोवावेत. विहिरीकडं जायची वाट राहणार नाही. चेंडू अंगणात गेला तर पोरींनी खुशाल आत जाऊन आणावा आणि जोरात ओरडावं.

७. बीदरच्या सामन्यांच्या कमिटीचे अध्यक्ष जगदेवप्पा यांनी पिराजी जिवंत असताना त्यांना कधी व्यासपीठावर खुर्ची दिली नाही. खाली सतरंजीवर बसवलं, आणि चहा वेगळ्या कपातून. आता मेल्यावर पिराजींच्या नावाचा चषक ठेवतो म्हणतात. ठेवू नये. ठेवलाच तर उमाजीनं तो व्यासपीठावरून उचलून न्यावा, मी त्याला तसा अधिकार देते.

८. माझी जाऊ सुमनबाई, रामरावांची बायको, हिला काही नाही. तिनं सगळं पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही.

९. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे. हे येत्या रविवारी कमठाण्याच्या विहारापुढं, मी जिवंत असताना, माझ्यासमोर मोठ्यानं वाचावं. पोरीला जुलैत जायचं आहे, माझ्या मरणाची वाट बघून कसं चालेल? आणि मी जिवंत आहे तोवर हे कधीही फाडून दुसरं लिहवू शकते, हे रामरावांनी ध्यानात ठेवावं. माझ्याशी गोड बोलावं. या सगळ्याची व्यवस्था उमाजी पाहील.

१०. हे कलम मागून वाढवलं आहे. साक्षीला म्हणून मी सुमनबाईला मुद्दाम बोलावलं होतं. नवऱ्याविरुद्धच्या कागदावर तिचा अंगठा उठवायचा, एवढाच माझा हेतू होता. गुरुशांतप्पांनी सगळं वाचून दाखवलं. आठवं कलमही वाचलं. ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "इंदिरा, त्या दिशी दाराची कडी म्या लावली व्हती. त्येनी लाव म्हणले, म्या लावली."

मला वाटत होतं, रामरावांनीच लावली. एवढी वर्षं मी त्यांचाच हात डोळ्यांपुढं आणत होते. साक्षीला बसलेला उमाजी उठून बाजूला गेला. मी विचारलं, "आज कामून सांगायलीस?"

ती म्हणाली, "आता इमलच्या दाराला लाव म्हणायलेत. म्या न्हाई म्हणले. तर म्हणले, मग घरात पाय ठिवू नको. मंग आले तशीच." तिच्याजवळ लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं होतं, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. "मला माफ कर म्हणत न्हाई. पोरीसंगं मलाबी जाऊ दिशील का? भाकरी करून घालीन. दार उघडीन."

गुरुशांतप्पांनी विचारलं, आठवं कलम खोडू का? मी म्हटलं, खोडू नका. ते खरं आहे, राहू द्या. माफी मी दिलेली नाही आणि देईन असं वाटत नाही. पण बंगळूरच्या घरात सुमनबाईला मरेपर्यंत राहायचा हक्क आहे आणि तिथून तिला विमलसुद्धा काढू शकणार नाही, हे त्याच्या खाली लिहा. रामरावांच्या भाकरीचं रामरावांनी बघावं.

ज्याला मिळतं त्यानं साक्ष देऊ नये असं गुरुशांतप्पा म्हणतात, म्हणून सुमनबाईचा अंगठा घेतला नाही. तिच्याऐवजी इथं चहा विकणाऱ्या रुद्रम्मा यांनी सही केली. विमलच्या तिकिटाबरोबर सुमनबाईचंही तिकीट काढावं. गुलबर्ग्याहून गाडीत बसताना तिला खिडकीजवळची जागा द्यावी, तिनं रेल्वे आतून पाहिलेली नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एकही शब्द मऊ केलेला नाही.

ठिकाण : बीदर
तारीख : १८ मे १९८७

सही : इंदिराबाई भ्रतार पिराजी मेत्रे

साक्षीदार :
१. उमाजी, राहणार हळ्ळीखेड (बी) (सही मराठीत)
२. रुद्रम्मा, राहणार बीदर (सही कन्नडात)

लिहिणार : गुरुशांतप्पा, अर्जनवीस, बीदर